तुडतुडा बदलतो, हापूस बदलत नाही

प्रश्न थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. विचारणारा मुलगा ॲग्रीला शिकतोय, घरची देवगडकडे हापूसची कलमं आहेत, आणि त्याचं म्हणणं असं की उत्क्रांती वर्गात शिकवली पण ती झाली कोट्यवधी वर्षांपूर्वी, कोणी डोळ्यांनी बघितली नाही, शिवाय सायन्सवाले स्वतःच सारखं मत बदलतात, मग विश्वास का ठेवायचा, आणि ठेवला तरी आमच्या बागेत तिचा उपयोग काय. वडील तर म्हणतात पुस्तकं ठेव बाजूला, यंदा औषध कुठलं मारायचं तेवढं सांग.

मी पीक संरक्षणाच्या कामात बरीच वर्षं आहे, रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बागा फिरणं हेच काम, त्यामुळे उत्तर वडिलांच्या प्रश्नापासूनच सुरू करतो. कारण औषध कुठलं मारायचं हाच उत्क्रांतीचा प्रश्न आहे.

तुडतुडा म्हणजे मोहोराचा रस शोषणारा बारीक कीटक. गावात सगळे म्हणतात, "तुडतुड्यांका औषधाची सवय झाली." बोलायला ठीक आहे पण आत घडतं ते वेगळंच. एकेका तुडतुड्याला सवय वगैरे होत नाही, तो एकतर मरतो नाहीतर वाचतो. बागेतल्या लाखो तुडतुड्यांत थोडेसे मुळातच असे असतात की त्यांच्या अंगात औषध मोडून टाकणारं एन्झाइम जास्त तयार होतं, किंवा औषध शरीरात जिथे जाऊन काम करतं ती जागाच जरा वेगळ्या घडणीची असते. फवारणीत बाकीचे मरतात, हे उरतात, आणि पुढची पिलावळ ह्यांचीच. मोहोराच्या दिवसांत अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण दोन-तीन आठवडे, मादी शंभर-दोनशे अंडी घालते, आणि तू तेच औषध परत मारलंस की परत तीच गाळणी लागते. दोन-चार हंगाम असं झालं की एक दिवस पंप मारून घरी येतोस आणि चार दिवसांनी बघतोस तर पानांवर खार (तुडतुड्यांचा चिकट स्राव) पडलेली, मोहोर काळा.

सवय असो की निवड, शेवटी औषध चालत नाही ना, मग फरक काय, असं वाटेल. फरक मोठा आहे. सवय असती तर औषध थोडे दिवस थांबवलं की ती आपोआप मोडली असती, जसा माणूस विडी सोडतो. निवड असेल तर तेच कीटक कधीच 'सुधारत' नाहीत, औषधाला बळी पडणारे कीटक दुसरीकडून येऊन त्यांच्यात मिसळावे लागतात किंवा औषध नसताना हळूहळू अशा बळी पडणाऱ्यांची संख्या वाढावी लागते. म्हणजे दोन्ही समजुतींतून तुझ्या बागेसाठी वेगवेगळा सल्ला निघतो. आणि यातलं खरं कुठलं हे कोणीतरी तपासलंय. १९५२ साली अमेरिकेत एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग या नवराबायकोने जिवाणूंच्या बशीवर मखमलीचा कपडा अलगद दाबला, आणि तोच कपडा औषध घातलेल्या दुसऱ्या बश्यांवर उमटवला. औषधातही वाढलेले जिवाणू प्रत्येक बशीत त्याच त्याच जागी दिसले. मग ते मूळ बशीत, जिथे औषधाचा थेंबही कधी पडला नव्हता, बरोबर त्या जागेकडे परत गेले आणि तिथून औषधाला दाद न देणारे जिवाणू वेगळे काढले. म्हणजे औषध येण्याच्या आधीच ते तिथे होते. औषधाने त्यांना घडवलं नाही, फक्त निवडलं. मला हा प्रयोग फार आवडतो, कापडाच्या एका तुकड्याने केवढा वाद मिटला बघ.

आता हापूस. आपण कलमं बांधतो. कोयीवर काडी बांधली की झाड त्या मूळ झाडाचीच नक्कल येतं, आणि पोर्तुगीजांच्या काळापासून कलमावर कलम करत करत आज पाचही किनारी जिल्ह्यांत जो हापूस उभा आहे तो जनुकांच्या हिशोबाने जवळपास एकच झाड आहे, लाखो ठिकाणी उभं असलेलं. चव टिकली ती त्यामुळेच, कोय लावली असती तर प्रत्येक झाडाचा आंबा वेगळा झाला असता. पण त्याची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. एवढ्या वर्षांत हापूस जागच्या जागी थांबलाय, आणि त्याच्यावर जगणारा तुडतुडा, फुलकिडे, भुरीची बुरशी, करपा हे सगळे दर हंगामात पिढ्यावर पिढ्या काढतायत. त्यांना एका झाडावर जमलं की सगळ्या झाडांवर जमलं. हे उत्क्रांती कळल्याशिवाय दिसतच नाही. म्हणून कोणी म्हातारी रायवळ झाडं तोडून सलग कलमं लावायला निघाला की मी विरोध करतो. रायवळ कोयीपासून आलेला, प्रत्येक झाड वेगळं, कुठल्या झाडात कशाला तोंड द्यायची ताकद आहे ते आज ठाऊक नसलं तरी उद्या तीच लागणार. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूसच्या संकरातून रत्ना काढला, मग रत्ना परत हापूसशी संकरून सिंधू काढला, दोन्हीत साका (पिकलेल्या गरात होणारा स्पंजसारखा खराब भाग) नाही, ते जमलं कशामुळे तर नीलममध्ये हापूसपेक्षा वेगळं काहीतरी होतं म्हणून. निवडायला मुळात फरक असावा लागतो. फरकच संपवलात तर निवडणार कशातून, मग तो निसर्ग असो नाहीतर विद्यापीठ.

तर वडिलांना सांगायचं ते हे. ब्रँड बदलला म्हणजे औषध बदललं नाही. इमिडाक्लोप्रिड मारलं, चाललं नाही म्हणून थायामेथोक्झाम आणलं, पण दोन्ही एकाच गटातली आहेत, कीटकाच्या नसांवर एकाच जागी काम करतात. डेल्टामेथ्रिन, लॅम्बडा, सायपरमेथ्रिन हीसुद्धा एका घरातली भावंडं. जो तुडतुडा त्या जागेच्या बदलामुळे एकाला पुरून उरला तो बहुतेक वेळा दुसऱ्यालाही पुरतो. याचं जुनं उदाहरण घरमाशीचं आहे, डीडीटीला न जुमानणाऱ्या माश्यांमध्ये नसेतल्या एका दारासारख्या प्रथिनात बदल झालेला होता, आणि पुढे पायरेथ्रॉइड गटाची औषधं निघाली तेव्हा त्या माश्यांपुढे तीही कमी पडली, कारण तीही त्याच दारावर काम करतात. म्हणून डब्यावरचं मोठं नाव सोड, खाली बारीक अक्षरात घटकाचं नाव असतं ते वाच, आणि लागोपाठच्या फवारण्यांत गट बदल. कृषी विद्यापीठाचं मोहोर संरक्षणाचं वेळापत्रक निघतं त्यात फवारण्यांचा क्रम ठरवून दिलेला असतो, तो क्रम मोडून दुकानदार देईल ते मारू नये. आणि तुडतुडे दिसत नसताना 'सेफ्टी म्हणून' एक फवारणी मारायची जी पद्धत पडलीये ती बंद करा, त्यात फायदा थोडा आणि गाळणी मात्र एक जास्त लागते.

हे काही आजचं शहाणपण नाही. १९१४ सालीच मेलँडर नावाच्या अमेरिकी कीटकशास्त्रज्ञाने सफरचंदाच्या बागेतल्या खवले किडीवर लिहून ठेवलं होतं की फवाऱ्याला न जुमानणारे कीटक तयार होतायत. म्हणजे डीडीटी बाजारात यायच्या कितीतरी आधी.

आता विज्ञान म्हणजे नक्की काय या तुझ्या मूळ प्रश्नाकडे येतो, कारण वर मी जे लिहिलं ते वाचून उद्या तू प्रत्येक फसलेल्या फवारणीला 'रेझिस्टन्स' म्हणायला लागशील, आणि ते चुकीचं होईल. औषध चाललं नाही याची कारणं खूप असतात. औषध भेसळीचं असेल, पाणी खराब असेल, मोठ्या झाडाच्या शेंड्यापर्यंत पंप पोचला नसेल, फवारणीनंतर दव किंवा पाऊस आला असेल, मोहोर फुटून आठ दिवस उलटून गेल्यावर मारलं असेल, किंवा मुळात तुडतुडे नसून फुलकिडे असतील, गेल्या काही हंगामांत फुलकिड्यांनी बागायतदारांना किती रडवलंय ते तुला घरीच माहीत असेल. ही सगळी कारणं सारखीच पटण्यासारखी वाटतात. विज्ञानाचं काम पटणारं कारण सांगणं हे नाहीच, पटणाऱ्या दहा कारणांतली खोटी नऊ कशी बाद करायची ते काम आहे. मग काय करायचं, तर दोन बागांतले तुडतुडे आणायचे, एक वर्षानुवर्षं फवारलेली आणि एक कधीच न फवारलेली, आंब्याची पानं त्याच औषधाच्या वेगवेगळ्या मात्रांत बुडवून सुकवायची, त्यावर दोन्हीकडचे कीटक सोडायचे, आणि सोबत नुसत्या पाण्यात बुडवलेली पानंही ठेवायची. दोन्हीकडचे सारखेच मेले तर माझा रेझिस्टन्सचा अंदाज खोटा, दोष पंपात नाहीतर पाण्यात शोधा. फवारलेल्या बागेतले दुप्पट-चौपट मात्रेलाही जगले तर अंदाजाला बळ आलं. आपला अंदाज कशाने खोटा ठरेल हे आधीच सांगून ठेवायचं आणि मग मोजायला बसायचं, एवढं जमलं तर तू विज्ञान करतोयस, मग अंगात पांढरा कोट नसला तरी चालेल. आणि हे जमत नसेल तर कितीही इंग्रजी नावं घेतलीस तरी ते विज्ञान नाही.

मत बदलण्याबद्दल बोललास. आपल्याच कोकणातलं बघ, लाल विंचू चावून माणसं दगावायची, मुलं तर फार. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रायगडमध्ये सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या, आणि त्यातून दिसलं की माणूस मरतो तो हृदयावर ताण येऊन फुप्फुसात पाणी भरल्याने. त्यावरून त्यांनी रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध वापरलं आणि मृत्यूंचं प्रमाण फार खाली आलं, लॅन्सेटमध्ये १९८० च्या दशकात ते छापून आलं. पुढे त्यांनीच प्राझोसिनसोबत विंचवाच्या विषावरची लस दिली तर काय होतं याची रीतसर चाचणी घेतली आणि २०११ मध्ये छापलं की दोन्ही मिळून दिल्यावर रुग्ण लवकर बरे होतात. याला कोणी म्हणेल डॉक्टरांनी मत बदललं. मी म्हणेन मोजत राहिले म्हणून सुधारलं. आणि लक्षात घे, पहिलं औषध खोटं ठरलं नाही, त्याच्यावर भर पडली. विज्ञानात बहुतेक वेळा असंच होतं, सगळं उलटंपालटं होत नाही. पृथ्वी गोल आहे आणि कीटक निवडीने बदलतात ही मतं दर दहा वर्षांनी बदलत नाहीत, बदलतो तो कडेचा, अजून कच्चा असलेला भाग, आणि तो बदललाच पाहिजे.

'कोणी पाहिली नाही' याला तुडतुड्याचं उत्तर वर आलंच, पण मोठी उत्क्रांतीही तपासता येते. माशांपासून चार पायांचे प्राणी आले असं मानलं तर मधल्या अवस्थेचे प्राणी ठरावीक वयाच्या खडकांतच सापडायला हवेत. नील शुबिन आणि त्यांच्या सोबत्यांनी हाच हिशोब केला, साधारण ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचे, उथळ पाण्यात तयार झालेले खडक कुठे उघडे पडलेत ते नकाशात शोधलं, कॅनडाच्या उत्तर टोकाच्या एल्समिअर बेटावर जाऊन कित्येक उन्हाळे खणलं, आणि २००४ साली त्यांना टिकटालिक मिळाला, अंगावर खवले आणि पर, पण मान वळणारी आणि परांच्या आत मनगटासारखी हाडं. आधी सांगितलं कुठे मिळेल आणि मग मिळालं. (खाडीच्या चिखलात उड्या मारणारी निवटी दाखवून 'हा बघा आपला पूर्वज' असं कोणी म्हणालं तर ते चूक आहे हां, निवटी आजचा मासा आहे, ती स्वतंत्रपणे चिखलात चालायला शिकलेली, आपल्या वंशात ती येत नाही.)

समुद्रावरही हेच तत्त्व चालतं. अमेरिकेत डेव्हिड कोनोव्हर यांनी सिल्व्हरसाइड नावाच्या छोट्या माशांच्या टाक्या ठेवल्या, काही टाक्यांतून दर पिढीत मोठे मासे काढले आणि काहींतून छोटे. चारच पिढ्यांत मोठे काढलेल्या टाक्यांतले मासे सावकाश वाढणारे आणि लहान झाले. २००२ साली हे प्रसिद्ध झालं. फक्त मोठं तेवढं घ्या हा सल्ला वरवर पाहता शहाणा वाटतो, पण तो वर्षानुवर्षं चालला की आपणच बारीक माशांची निवड करत असतो. पिल्लं वाचवायला जाळ्याचं आस (भोक) मोठं हवंच, त्याबद्दल वाद नाही, पण अंड्यांच्या दृष्टीने मोठ्या माद्यांचंही मोल आहे हे मच्छीमार सोसायट्यांमध्ये बोललं गेलं पाहिजे.

फुरश्याचं पण सांगतो कारण देवगड-रत्नागिरीच्या कातळावर फुरसं काही नवीन नाही. आपली सर्पदंशावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषापासून करतात, आणि त्यासाठी लागणारं विष मोठ्या प्रमाणावर तामिळनाडूत काढलं जातं. आता एकाच जातीचा साप वेगवेगळ्या भागात वेगवेगळं भक्ष्य खात पिढ्यानपिढ्या राहिला की त्याचं विषही वेगळं होत जातं, आणि भारतातल्या सापांवरच्या अभ्यासात हा फरक दिसलाय. म्हणून प्रांताप्रांताची विषं वापरून लस बनवा अशी मागणी संशोधक करतायत. तोवर आहे ती लसच जीव वाचवते, त्यामुळे चावल्यावर सरळ दवाखाना, दुसरीकडे कुठेही वेळ घालवायचा नाही.

आता मर्यादा, आणि इथे मी तुझ्या बाजूचा आहे. उत्क्रांती मला सांगते की एकच औषध मारत राहिलात तर ते निकामी होणार. कुठल्या वर्षी, कुठल्या बागेत, कुठल्या बदलाने, ते सांगत नाही, कारण बदल आधी घडावा लागतो आणि तो कुणाला विचारून घडत नाही. तसंच प्रत्येक गोष्टीला 'उत्क्रांतीत याचा काहीतरी फायदा असणार' असं कारण चिकटवणारे लोक असतात, माणसाच्या स्वभावापासून नवराबायकोच्या भांडणापर्यंत, तिकडे सावध राहा, तपासता येणार नसेल तर ती नुसती गोष्ट आहे. आणि सगळ्यात घातक म्हणजे जो टिकतो तोच योग्य, म्हणून गरीब माणूस मागे पडला तर पडू दे, असं म्हणायला उत्क्रांतीचा आधार घेणं. औषधाला पुरून उरलेला तुडतुडा चांगला नसतो, फक्त उरलेला असतो. निसर्गात काय घडतं त्यावरून आपण कसं वागावं हे निघत नाही.

बोंडअळीचं उदाहरण याच जागी महत्त्वाचं आहे. बीटी कापसाभोवती (म्हणजे अळीला मारणारं विष स्वतःच्या अंगात तयार करणाऱ्या कापसाभोवती) काही ओळी बिगर-बीटी लावा, असं सुरुवातीपासून सांगितलेलं होतं, बियाण्यासोबत वेगळं पाकीटही मिळायचं. त्यामागे निखळ उत्क्रांतीचा हिशोब, की साध्या कापसावर वाढलेले साधे पतंग बीटीतून वाचलेल्या मोजक्या पतंगांशी जुगतील आणि प्रतिकारशक्ती पातळ होत राहील. अमेरिकेतल्या ॲरिझोनात शेतकऱ्यांनी हे पाळलं आणि गुलाबी बोंडअळी बरीच वर्षं आटोक्यात राहिली. आपल्याकडे बहुतेकांनी ते पाकीट बांधावरच टाकलं, कापूस लांबवरच्या महिन्यांपर्यंत शेतात उभा ठेवला, आणि २०१७ साली विदर्भात काय हाल झाले ते सगळ्यांनी बघितलं. पण मी शेतकऱ्याला एकट्याला दोष देणार नाही. अळीला मुद्दाम थोडी जागा सोड, तोटा तू सोस, फायदा सगळ्या तालुक्याला, हे दोन एकरवाल्याला सांगताना त्याचा तोटा कोण भरून देणार याचं उत्तर विज्ञानाकडे नव्हतं. ते सरकारने आणि समाजाने द्यायचं होतं.

आपल्या आंब्यातही तेच. तू गट बदलून नेमकं फवारलंस आणि शेजारच्या कराराने घेतलेल्या बागेत दर आठवड्याला तेच औषध चाललंय, तर तुझ्याकडे तुडतुडे त्याचेच येणार. न फवारलेली रायवळ झाडं साध्या तुडतुड्यांचं घर म्हणून उपयोगी पडतील का हा प्रश्न सिद्धांतातून सरळ निघतो, पण तिथूनच तुडतुडे कलमांवर येऊन नुकसानही करू शकतात, तेव्हा ते बागेत मोजूनच ठरेल. आणि मोजून झाल्यावरही वाडीतल्या सगळ्यांनी मिळून पाळायचं की नाही हे वाडीच्या बैठकीतच ठरणार. २०१४ मध्ये फळमाशीमुळे युरोपने भारतीय आंबा बंद केला तेव्हा काटेकोर बागायतदार आणि बेफिकीर बागायतदार दोघांचाही माल अडकला होता, ते आठवत असेल वडिलांना.

देवाचंही विचारणारे विचारतातच म्हणून लिहितो. हंगामाच्या सुरुवातीला गाऱ्हाणं घालतात तिथे मीही हात जोडून उभा राहतो. त्यातून माणसाला जे मिळतं ते तपासायला विज्ञानाकडे साधन नाही आणि त्याने तसा आवही आणू नये. पण औषध चाललं की नाही हा प्रश्न कौल लावून सुटत नाही, तो पानं मोजून सुटतो. तसंच सड्यावरची कातळशिल्पं घे. छिन्नी कशी चालवली, दगड किती झिजलाय, आसपास कुठली हत्यारं मिळतात यावरून काळाचा अंदाज बांधता येतो, नव्या पुराव्याने तो सुधारताही येतो. पण तो भलामोठा हत्ती कोरताना त्या माणसाच्या मनात काय होतं ते कुठल्याही यंत्रात दिसायचं नाही.

तर यंदा एक कर. वडिलांना म्हणावं बागेतली दोन झाडं, एक कडेचं आणि एक मधलं, अजिबात फवारू नका, सुतळी बांधून खूण करा, तोटा दोन झाडांचा होईल तेवढा होऊ दे. मोहोर फुटल्यापासून दर आठवड्याला फवारलेल्या आणि न फवारलेल्या झाडांवर ठरावीक संख्येने मोहोर निवडून तुडतुडे मोज, सकाळी ऊन चढायच्या आत, तेव्हा ते कमी उडतात. वहीत तारीख, घटकाचं नाव, गट, मात्रा आणि त्या दिवसाचं हवामान लिही. फवारणीनंतर दोन्हीकडचा आकडा जवळपास सारखाच राहिला तर जिवंत तुडतुडे बारीक जाळीच्या बरणीत कोवळ्या पानांसकट घालून त्याच दिवशी कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागात नेऊन दे, वही बरोबर ने, आणि मेलेले नेऊ नकोस, त्यांच्यावर चाचणी होत नाही.